बाटलीवर नाव कुणाचं?

दोस्तांनो, दारूची भलामण करायला मी बसलो नाही. दारूने आपल्या वस्त्यांचं काय केलं ते मला कुणी सांगायला नको. पण घाम कुणी गाळला आणि नाव कुणाचं लागलं, हा सवाल बाटलीलाही विचारावा लागतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यात लिंचबर्ग गाव. तिथली जॅक डॅनियल्स व्हिस्की जगभर खपते. कंपनी वर्षानुवर्षं सांगायची, डॅन कॉल नावाच्या पाद्र्याने पोरसवदा जॅकला भट्टीची विद्या दिली. गुरू गोरा, चेला गोरा. संपली गोष्ट.

अर्धी गोष्ट गिळली होती. कॉलच्या भट्टीवर राबत होता नेथन 'नीअरेस्ट' ग्रीन. काळा माणूस. गुलाम. बैल भाड्याने द्यावा तसा कॉलकडे भाड्याने दिलेला. ताजी दारू साखरी मेपलच्या कोळशातून थेंब थेंब गाळायची, ही त्याची कसब. ही गाळणीच टेनेसी व्हिस्कीला बर्बनपासून वेगळं करते. जॅक शिकला तो याच्या हाताखाली. 1865 साली गुलामी कायद्याने संपली. पुढे जॅकने स्वतःची भट्टी काढली, तिथला पहिला मुख्य कारागीर नीअरेस्टच. त्याची पोरंही तिथंच राबली. नाव मात्र जॅकचं.

हा एकट्या जॅकचा प्रताप नाही. स्वातंत्र्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन! त्याच्या माउंट व्हर्ननच्या भट्टीत 1799 साली जवळजवळ 11,000 गॅलन व्हिस्की निघाली. तिथं राबणारे गुलाम होते हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स, टिमोथी. नावं मोठ्याने वाचा. 1964 साली अमेरिकन काँग्रेसने बर्बनला देशाचं खास उत्पादन ठरवलं. देशाचं! आणि हे सहा जण कुणाचे?

नीअरेस्टचं नाव 1967 साली जॅकवरच्या एका पुस्तकात छापलंही होतं. कुणी ढुंकून बघितलं नाही. ग्रीनच्या वंशजांनी मात्र ते तोंडातोंडी जपलं. 2016 साली न्यूयॉर्क टाइम्सने ही हकिगत छापली. मग फॉन वीव्हर या काळ्या लेखिकेने कागद धुंडाळले, म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या. 2017 साली कंपनीने नीअरेस्टला आपला पहिला मुख्य कारागीर मानलं. त्याच साली वीव्हरबाईंनी त्याच्या नावाची व्हिस्की बाजारात आणली.

नाव मिळालं. गुलामीतल्या दिवसांची मजुरी कोण देणार?

आणि एक. मालकाच्या वहीत जे नव्हतं, ते म्हाताऱ्यांच्या तोंडात होतं. आपल्या आज्या अजून बोलताहेत. तेवढ्यात लिहून घ्या.