रिते अरण्य : बिआवोव्येझाचा इतिहास आणि काव्य

पोलिश भाषेत विस्तीर्ण, पुरातन अरण्याला 'पुश्चा' म्हणतात. या शब्दाचे मूळ 'रिता, ओसाड' अशा अर्थाच्या विशेषणात आहे. संस्कृतातील 'जांगल' हा शब्दही मुळात कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशाचा वाचक होता; आज 'जंगल' म्हणताच डोळ्यांसमोर येते ती गर्द झाडी. अरण्यवाचक शब्द झाडांपेक्षा ते शब्द योजणाऱ्या समाजाविषयी अधिक सांगतात. पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर पसरलेल्या बिआवोव्येझाच्या बाबतीत तर 'रिते' या शब्दाने इतिहासच झाकून टाकला.

ओक, हॉर्नबीम, लिंडेन व स्प्रूस यांचे हे वन युरोपीय मैदानी प्रदेशातील आदिम अरण्याचा अखेरचा मोठा अवशेष मानले जाते. त्याच्या गाभ्यात कोसळलेला वृक्ष उचलला जात नाही. त्याच्या कुजत्या खोडावर बुरशी, शेवाळ, भुंगे आणि त्यांच्या शोधात येणारे सुतारपक्षी जगतात. मेलेल्या लाकडाइतके जिवंत येथे दुसरे काही नसेल. मात्र या वनाची कीर्ती झाली ती 'झुब्र'मुळे, म्हणजे युरोपीय बायसनमुळे. (भारतातील गव्यालाही इंग्रजांनी बायसनच म्हटले, प्राणी मात्र निराळे.)

हे वन टिकले ते राजांच्या शिकारीसाठी. 1409 मध्ये यागीएवो राजाने ट्यूटॉनिक सरदारांविरुद्धच्या युद्धाची तयारी म्हणून येथे शिकार करून सैन्यासाठी मांस खारवून ठेवल्याचे दुगोश या इतिवृत्तकाराने नोंदवले आहे. पुढे रोममध्ये पोप दहावा लिओ याच्या दरबारासाठी निकोलस हुसोव्हियानसने झुब्र व त्याची शिकार यांवर हजाराहून अधिक ओळींचे लॅटिन काव्य रचले. पोपच्या निधनानंतर, 1523 मध्ये, ते क्राकूव्ह येथे छापले गेले आणि बोना राणीला अर्पण झाले. उत्तरेकडील रानटी पशू अशा रीतीने अभिजात भाषेत प्रतिष्ठित झाला.

राजाचे अरण्य निर्मनुष्य मात्र नव्हते. रखवालदार होते, गवत कापणारे होते, उंच पाइनच्या खोडात पोकळ्या कोरून मधमाश्या पाळणारे होते. या शेवटच्यांचा व्यवसाय जुनी झाडे उभी राहण्यावरच अवलंबून होता. कौटिल्याच्या 'अभयवना'तही संरक्षण राजदंडाचेच होते. तेथे अभय प्राण्यांना होते, माणसांना दंड. बिआवोव्येझात प्राण्यांनाही अभय नव्हते, फक्त मारण्याचा हक्क एकाचाच होता.

1795 च्या फाळणीनंतर वन रशियाकडे गेले. आदाम मित्स्क्येविचने पॅरिसच्या निर्वासात लिहिलेल्या 'पान तादेउश'मध्ये (1834) अरण्याच्या गाभ्याला 'मातेच्निक' म्हटले आहे. शब्दात 'माता' आहे आणि तेथे शिकारी कधी पोहोचत नाही. देश हरवलेल्या कवीने अस्पर्श भूमीची कल्पना येथे रुजवली. प्रत्यक्षात त्याच शतकाच्या अखेरीस हे वन झारच्या खाजगी मालकीचे झाले; शिकारीसाठी हरणे वाढवली गेली आणि श्वापदे संपवली गेली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी रूळ टाकून अफाट लाकूड नेले. 1919 मध्ये येथील अखेरचा मुक्त झुब्र मारला गेला. आजचे सर्व झुब्र प्राणिसंग्रहालयांत व खाजगी उद्यानांत उरलेल्या अवघ्या 12 पूर्वजांचे वंशज आहेत. 1929 मध्ये ते येथे परत आणले गेले आणि 1952 पासून मोकळे सोडले गेले. म्हणजे 'आदिम' अरण्याचे हे मानचिन्हही माणसाने वंशावळी तपासून घडवलेले आहे.

हा तपशील राजकारणात लगेच उपयोगी पडला. 2016 मध्ये स्प्रूस पोखरणाऱ्या भुंग्यांचे कारण देऊन पोलिश शासनाने तोड वाढवली. वन माणसानेच घडवलेले असल्याने माणसानेच ते सावरावे, असा युक्तिवाद झाला. त्यातील पूर्वपक्ष खरा आहे, निष्कर्ष फसवा. मधमाश्या पाळणाऱ्यांचा आणि रखवालदारांचा इतिहास हा प्रामुख्याने झाडे उभी ठेवण्याचा इतिहास आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 17 एप्रिल 2018 रोजी ही तोड संघाच्या निसर्गसंरक्षण कायद्यांविरुद्ध ठरवली. त्यानंतर चारच वर्षांनी, स्थलांतरितांना रोखण्यासाठी पोलंडने बेलारूसच्या सीमेवर उभारलेली साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत या वनातून गेली. पुश्चा रिती नाही, हे या वेळी अडवल्या गेलेल्या माणसांनी दाखवून दिले.