काडीमोड ते परस्परसंमती

घटस्फोट ही पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे, असे पुष्कळदा आपल्या कानांवर येते. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. विवाह हा अभंग संस्कार मानणाऱ्या वर्गांपुरती ती लागू पडते. परंतु महाराष्ट्रातील कितीतरी जातींत काडीमोड पूर्वापार चालत आला आहे. पंच बसत, दोन्हीकडचे ऐकून घेत, देण्याघेण्याचा निकाल लावीत आणि त्यांच्यादेखत काडी मोडली की संबंध सुटे. बाईला पाट लावण्याची मोकळीक मिळे. विवाहबंधनातून सुटण्याची ही आपली पहिली वाट. तिची किल्ली मात्र जातीच्या हाती होती.

इंग्रजी अमदानीत या वाटेवर धोंड आली. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा नवरा हयात असता बायकोला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मुंबई हायकोर्टाने 1876 साली अमान्य केला. पंचांच्या शब्दावर प्रामाणिकपणे विसंबून दुसरे लग्न केले, हा बचावही कोर्टाने मानला नाही. जातीने सोडविलेली स्त्री सरकारदरबारी बांधलेलीच राहू शकत होती.

मग कोर्टाने स्वतःचे दार तरी उघडले काय? याचे उत्तर रखमाबाईंच्या खटल्यात सापडते. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या नवऱ्याकडे नांदावयास कधी गेल्याच नाहीत. 1884 साली नवरा दादाजी भिकाजी यांनी नांदण्यासाठी दावा लावला. पुढील वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पण अपिलात प्रकरण परत आले, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, नवऱ्याला बायको ओढून आणण्यासाठी दावा होता. नको असलेल्या विवाहातून सुटण्यासाठी रखमाबाईंना दावाच नव्हता. पैशाने निकड टळली, विवाह सुटला नाही.

दुसरी वाट उघडावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली. बडोदे संस्थानाने 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने 1947 साली केला आणि 18 मे 1955 पासून हिंदु विवाह कायदा अमलात आला. ही वाट दोषाची. एकाने दुसऱ्याचा अपराध किंवा व्यंग कोर्टात शाबीत करावयाचे. छळ आणि परित्याग या कारणांवर 1955 च्या कायद्यात केवळ न्यायिक विभक्तता मिळे, पूर्ण घटस्फोट नाही. ज्या संसारात दोघेही भले, पण एकत्र राहणे अशक्य, त्यांनी कोणावर कोणता आळ घ्यावा? घरातले कोर्टात उघडे करावे लागे, आणि मने अधिकच फाटत.

1976 च्या दुरुस्तीने छळ व परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली. शिवाय परस्परसंमतीची तिसरी वाट खुली झाली. वर्षभर वेगळे राहिलेल्या जोडप्याने मिळून अर्ज करावा, सहा महिने थांबावे, आणि मन न बदलल्यास मोकळे व्हावे. योग्य प्रसंगी हे थांबणेही माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ठरविले.

नवी वाट आली म्हणून जुन्या बुजल्या असे नाही. रूढीने मिळणारा घटस्फोट 1955 च्या कायद्याने राखून ठेवला आहे. मात्र आपल्या जातीत ती रूढी आहे हे शाबीत करावे लागते. नांदण्यासाठी दावा आजही कायद्यात आहे. त्यामागील तुरुंग तेवढा गेला. संमतीची वाटही दोघांनी मिळून चालावयाची. एकजण अडून बसला की पुन्हा दोष सिद्ध करणे आले.

म्हणून कोणत्याही घटस्फोटाच्या कायद्याला आपण एकच प्रश्न विचारावा: रखमाबाई पुन्हा दारी आल्या, तर हा कायदा त्यांना काय देईल? डॉक्टर होऊन आयुष्यभर रुग्णांची सेवा करणाऱ्या या बाई 25 सप्टेंबर 1955 रोजी निवर्तल्या. ज्या दाराची त्यांना विशीत गरज होती, ते त्यांच्या अखेरच्या वर्षी, मृत्यूपूर्वी अवघे चार महिने उघडले.