एका नळीची दोन घराणी

रेडिओलॉजिस्ट रोग शोधून काढतो, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट कर्करोगावर किरणांचे उपचार करतो, ज्यांना पेशंट अजूनही 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात. दोघांचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळ्या, संघटना वेगळ्या. एकाच इस्पितळात वीस वर्षं काढूनही त्यांची ओळख लिफ्टपुरती असू शकते. तरी अधूनमधून दोघांना एकाच सभागृहात बसवणारी सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची परिषद, भरते. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत एमआरआय असतो, नवं मशीन असतं, आणि चहाच्या आधी किंवा जेवणानंतर किरणसुरक्षेचं एक सत्र असतं. ते सुरू झालं की मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. हे उठून जाणं मला खटकतं. ही मंडळी परिषदेला जमू लागली, त्यांची जागतिक परिषद उभी राहिली, त्यामागचं मोठं कारण त्याच सत्राचा विषय आहे.

पहिली सभा मात्र निव्वळ कौतुकाची होती. राँटगेनला क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ला, निबंध दिला २८ डिसेंबरला. बर्लिनला कैसरसमोर प्रयोग करून झाला आणि मग २३ जानेवारी १८९६ला तो आपल्याच गावच्या, वुर्त्सबुर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळात बोलायला उभा राहिला. भाषणाच्या शेवटी त्यानं ७८ वर्षांच्या आल्बर्ट फॉन क्योलिकर यांना पुढे बोलावलं. क्योलिकर म्हणजे त्या काळचं शरीररचनाशास्त्रातलं मोठं नाव. आयुष्यभर दुसऱ्यांची हाडं पाहिलेला माणूस. त्यांचा हात प्लेटवर ठेवला, फोटो काढला, आणि बोटातल्या अंगठीसकट हाडं सभेला दाखवली. या किरणांना राँटगेनचं नाव द्यावं अशी सूचना क्योलिकर यांनी तिथल्या तिथे मांडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

राँटगेननं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ज्याच्याकडे काचेची नळी आणि इंडक्शन कॉइल होती तो प्रत्येक जण कामाला लागला. त्यात डॉक्टर होते, तसे फोटोग्राफर, वीजवाले आणि भौतिकीचे प्राध्यापकही होते. १८९७मध्ये लंडनला राँटगेन सोसायटी निघाली. तिचे पहिले अध्यक्ष सिल्व्हेनस थॉम्प्सन डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. अमेरिकेतली राँटगेन रे सोसायटी १९००ची. आज परिषदेत कंपन्यांचे स्टॉल पाहून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की या क्षेत्रात यंत्र बनवणारा माणूस पहिल्या दिवसापासून घरातलाच आहे. तो नंतर शिरलेला नाही.

कौतुक ओसरायला फार दिवस लागले नाहीत. तेव्हाच्या नळ्यांमध्ये थोडा वायू उरलेला असे. वापरता वापरता नळीचा स्वभाव बदलायचा. कधी किरण मऊ पडत, कधी कडक. मग पेशंट येण्याआधी नळी कशी आहे ते तपासायचं कसं? डॉक्टर आपला हात नळी आणि चमकणाऱ्या पडद्याच्या मधे धरी. हाडं ठळक आणि मांस पुसट दिसलं की नळी ठीक. रोज सकाळी, प्रत्येक पेशंटच्या आधी, तोच हात. कातडी लाल व्हायची, सोलायची, नखं जायची, मग न भरणारे व्रण आणि पुढे कर्करोग.

आणि इथेच निदान आणि उपचार या दोन्ही घराण्यांचा उगम एक आहे. किरणांनी केस गळतात, कातडी भाजते, हे पाहून काही डॉक्टरांनी उलटा विचार केला: भाजतंय तर भाजायला हवं तिथे का वापरू नये? १८९६ सालीच व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडनं एका लहान मुलीच्या पाठीवरचा केसाळ डाग किरणांनी घालवण्याचा प्रयत्न केला. केस गेले, त्याबरोबर कातडीलाही मोठी जखम झाली. निदान करणारा आणि उपचार करणारा तेव्हा एकच माणूस होता, नळी एकच होती, आणि भाजलेली बोटंही त्याचीच. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली १९०४मध्ये गेला; त्याचे हाल पाहून एडिसननं क्ष-किरणांचं काम आधीच सोडून दिलं होतं. बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात १९०८मध्ये कापावा लागला, उजव्या हाताची बोटंही गेली. फिलाडेल्फियाचे मिहरान कसाबियन अमेरिकी राँटगेन रे सोसायटीचे उपाध्यक्ष होते. त्यांनी आपल्या झडत चाललेल्या हातांचे फोटो पद्धतशीर काढून ठेवले आणि १९१०मध्ये त्याच आजारानं गेले. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या १९२०च्या एका मेजवानीची गोष्ट सांगतात: ताटात कोंबडी वाढली आणि टेबलाभोवतीच्या बहुतेकांना ती कापता येईना, कारण सुरी धरायला बोटंच नव्हती. गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली असेलही. पण ती त्या व्यवसायातच जन्मली आणि तिथेच टिकली, हे मला पुरेसं वाटतं.

बोटं जात होती, पण किती किरणं म्हणजे जास्त, हे सांगायला मापच नव्हतं. १९०२मध्ये व्हिएन्नाच्या होल्त्सक्नेश्टनं रंग बदलणाऱ्या रसायनाची टिकली काढली. १९०४मध्ये फ्रान्समध्ये साबुरो आणि न्वारे यांनी तीच कल्पना पुढे नेली. बेरियम प्लॅटिनोसायनाइडची हिरवट चकती पेशंटजवळ ठेवायची, किरणांनी ती तपकिरी होत जाते, ठरलेल्या छटेशी जुळली की नळी बंद. डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांना अशा टिकल्यांच्या हिशेबानं किरणं दिली गेली. जर्मनीत दुसरं माप चालायचं, कातडी लाल होईल इतका डोस. कुणाची कातडी, गोरी की सावळी, दंडाची की पोटाची, आणि लाल म्हणजे किती लाल? एका शहरातला 'पूर्ण डोस' दुसऱ्या शहरात वेगळाच निघायचा. एकमेकांचे निबंध वाचून उपयोग नव्हता, कारण आकडे एकमेकांशी बोलतच नव्हते.

म्हणून १९२५मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय रेडिओलॉजी काँग्रेस भरली. अध्यक्ष होते लिव्हरपूलचे थर्स्टन हॉलंड. तिथे निबंध वाचले गेलेच, पण टिकाऊ काम झालं ते वेगळं: मापासाठी एक समिती नेमली गेली. पुढची काँग्रेस १९२८ची, स्टॉकहोमला. तिथे डोसचं एकक ठरलं, राँटगेन. ते कातडीवरून ठरलं नाही, हवेवरून ठरलं. ठरावीक तापमान आणि दाबाच्या एक घनसेंटिमीटर हवेत किरणांनी किती विद्युतभार सुटा होतो, ते मोजायचं. याच काँग्रेसमध्ये संरक्षणाची समिती बसली. तिच्या शिफारशी आज वाचताना गंमत वाटते: दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याला पाच दिवसांपेक्षा जास्त नको, सुट्टी होईल तितकी उघड्यावर घालवावी, आणि वर्षाला किमान एक महिना रजा. डोसची मर्यादा माहीत नाही, तर निदान माणूस तरी किरणांपासून लांब ठेवू, असा तो साधा हिशेब होता. आकड्यात बांधलेली मर्यादा १९३४ला आली, दिवसाला ०.२ राँटगेन. आपल्याकडे सरकारी इस्पितळांतून 'रेडिएशन लीव्ह'ची मागणी अजून ऐकू येते, तिचं मूळ त्या महिनाभराच्या रजेत असावं असं मला वाटतं. आता छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि मर्यादा ठरलेली आहे, पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट. बॅज छातीवर असतो की खुंटीला, तो प्रश्न वेगळा.

१९३६मध्ये हँबर्गच्या सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात किरणांनी बळी घेतलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. पहिल्याच यादीत १६९ नावं होती. पुढे ती वाढत गेली.

त्यानंतर दोन्ही घराणी वेगळी झाली, आणि ती भांडून नाही, यंत्रांमुळे झाली. १९५१मध्ये कॅनडात कोबाल्ट-६०च्या मशीनवर पहिले उपचार झाले, मग लिनिअर ॲक्सिलरेटर आला. ज्या नळीनं फोटो काढायचा तिनंच गाठ जाळायची, हा संसार संपला. उपचारवाल्यांना आता फिजिसिस्ट हवा होता, जीवशास्त्र हवं होतं. निदानवाले पुढे सोनोग्राफी आणि एमआरआयकडे गेले, जिथे क्ष-किरणांचा संबंधच नाही. अमेरिकेत १९५८मध्ये हुआन देल रेगातो यांच्या पुढाकारानं उपचारवाल्यांचा वेगळा क्लब निघाला, तीच पुढची मोठी संघटना. आपल्याकडेही तेच झालं. मद्रासच्या बार्नार्ड इन्स्टिट्यूटमध्ये किंवा १९४१ला परळमध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या सुरुवातीच्या काळात 'रेडिओलॉजी' म्हटलं की दोन्ही कामं आली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत आजही क्ष-किरण केंद्राच्या पाटीवर 'डीएमआरई' दिसतं. त्यातला 'ई' विजेच्या उपचारांचा, त्या एकत्र कुटुंबाच्या काळातला.

वेगळं झाल्यावर निदानवाल्यांच्या परिषदेत एक खास प्रकार बहरला, आणि तो मला सगळ्यात आवडतो. फिल्म रीडिंग. शिकागोला दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतर उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी सोसायटीची परिषद भरते, हजारो डॉक्टर आणि मैलभर स्टॉल. त्यातही नावाजलेल्या प्रोफेसरांना स्टेजवर बसवून अनोळखी केसेस वाचायला लावण्याची प्रथा आहे. आपल्या राज्य परिषदेतही ती आहे. पूर्वी व्ह्यू बॉक्सच्या क्लिपमध्ये फिल्म अडकवायची, काळ्या कोपऱ्यांसाठी प्रखर दिवा, आणि मागच्यांना काही दिसायचं नाही. मग स्लाइड आल्या, ऐंशी खाचांचं गोल कॅरोसेल. घाईत एखादी स्लाइड उलटी बसली की छातीच्या फिल्मवर हृदय उजवीकडे जायचं, आणि सभागृहातून कुणीतरी 'डेक्स्ट्रोकार्डिया!' असं ओरडायचंच. वाचणाऱ्यानं मात्र शिस्त मोडायची नाही. कुठला व्ह्यू, श्वास पुरता घेतलाय का, काय दिसतंय, काय दिसत नाही, मग शक्यता उतरत्या क्रमानं. चुकलं तर पाचशे लोकांसमोर. इतर शाखांत मोठा माणूस परिषदेत आपल्या यशाचे आकडे सांगून जातो. इथे त्याला अंधारात उभं करून परीक्षा घेतात, आणि विद्यार्थी टिपणं काढतात ती त्याच्या उत्तराची नव्हे, विचार कसा केला त्याची.

नवी यंत्रंही परिषदांतूनच डॉक्टरांपर्यंत पोचली. हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरवर पहिला पेशंट १ ऑक्टोबर १९७१ला घेतला गेला, पण व्यवसायाला तो कळला १९७२च्या एप्रिलमध्ये, ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओलॉजीच्या वार्षिक काँग्रेसमध्ये.

सीएमईला मिळणाऱ्या क्रेडिट पॉइंटांची कथा त्यामानानं रुक्ष आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमावलीत लिहिलं आहे की डॉक्टरनं पाच वर्षांत निदान ३० तास अशा शिक्षणाला द्यावेत. त्यातून रजिस्टरवरच्या सह्या आल्या, सर्टिफिकेटं आली, आणि दुपारनंतर सही करून निघून जाणारा एक वर्गही आला. महाराष्ट्रात सोनोग्राफी करणाऱ्यांच्या परिषदेला आणखी एक कायम पाहुणा मिळाला: पीसीपीएनडीटी कायदा. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानंच १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४चा. आता त्या कायद्याचा 'फॉर्म एफ' भरताना कुठला रकाना रिकामा राहिला तर काय होतं, या सत्राला जागा पुरत नाही. किरणसुरक्षेच्या सत्रातून उठून जाणारेच तिथे पहिल्या रांगेत असतात.

आता ही घराणी पुन्हा का एकत्र बसतात? १९२५ला लंडनमध्ये नेमलेली ती मापाची समिती अजून कामात आहे, आयसीआरयू या नावानं. तिच्या १९९३च्या ५०व्या अहवालानं किरणोपचाराच्या आखणीची भाषा ठरवली. डोळ्याला दिसणारी गाठ म्हणजे जीटीव्ही, तिच्याभोवती न दिसणारा पसार धरून सीटीव्ही, आणि पेशंट हलेल, मांडणी चुकेल त्याची सूट धरून पीटीव्ही. सगळी इमारत जीटीव्हीच्या, म्हणजे पहिल्या रेघेवर उभी आहे, आणि ती रेघ काढायची म्हणजे स्कॅन वाचायचा. उपचारवाला डोस मिलिमीटरच्या हिशेबात बसवू लागला, तशी त्याला निदानवाल्याची गरज परत पडली. म्हणून काँटूरिंगच्या कार्यशाळा. सगळ्यांना लॅपटॉपवर एकाच पेशंटचा सीटी देतात, सगळे गाठीभोवती रेघ काढतात, आणि मग सगळ्या रेघा एकावर एक पडद्यावर टाकतात. अनुभवी माणसांच्या रेघाही एकमेकांपासून बऱ्याच लांब पडतात. कुणी रक्तवाहिनीला लिम्फ नोड समजून आत घेतलेलं असतं, कुणी सुजेला गाठ धरलेलं असतं. अशा वेळी शेजारी बसलेला रेडिओलॉजिस्ट दोन वाक्यांत तंटा मिटवतो.

प्रत्येक वेळी मिटतोच असं नाही. तंबाखू आणि मिश्रीच्या या मुलखात गालाच्या आतल्या कर्करोगाचे पेशंट भरपूर. रेडिओलॉजिस्ट त्यांना सीटीच्या वेळी गाल फुगवायला सांगतो. हवेनं गाल हिरडीपासून सुटतो आणि गाठ कशाला चिकटली आहे ते स्वच्छ कळतं. तोच पेशंट उपचाराच्या आखणीला येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा घट्ट मास्क बसवलेला असतो, कारण पुढचे सहा आठवडे रोज त्याच स्थितीत झोपायचं आहे. तिथे गाल फुगवता येत नाही. म्हणजे ज्या स्कॅनवर गाठ दिसते तो एका चेहऱ्याचा, आणि ज्यावर रेघ काढायची तो जणू दुसऱ्याच चेहऱ्याचा. दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवायचा कॉम्प्युटरनं प्रयत्न केला की गाल सरकतो. मग एकानं दाढांपासून आणि जबड्याच्या हाडापासून गाठीचं अंतर मोजून सांगायचं, दुसऱ्यानं ते आपल्या स्कॅनवर मांडायचं, आणि गाठ हिरडीपर्यंत गेली आहे की नाही यावर दोघांनी पुन्हा फुगवलेल्या गालाचा स्कॅन उघडायचा. रिपोर्टच्या कागदावर हे मावत नाही. त्यासाठी एका पडद्यासमोर दोन खुर्च्या लागतात.