कॅलिफोर्नियात पार्किंग तिकीट आलंय? फोनच्या मदतीने आव्हान असं द्या

एमएस किंवा नोकरीसाठी सॅन होजे, फ्रीमाँट, सॅन फ्रान्सिस्कोकडे गेलं की साधारण ठरलेला क्रम असतो: आधी रूममेट, मग सेकंडहँड कार आणि मग काचेवर वायपरखाली अडकवलेलं पार्किंग तिकीट. बरेच जण एक तर घाबरून लगेच पैसे भरतात, नाहीतर 'बघू नंतर' म्हणून कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतात. तिकीट चुकीचं असेल तर हे दोन्ही करायची गरज नाही.

पहिली गोष्ट. तिथे पार्किंग तिकीट हा गुन्हा धरला जात नाही, तो दिवाणी दंड आहे. लायसन्सवर पॉइंट लागत नाहीत. आपल्याकडे नो पार्किंगचा ई-चलान मोटार वाहन कायद्याखाली येतो आणि वाद मिटला नाही तर प्रकरण कोर्टात जातं. कॅलिफोर्नियात मात्र कोर्टाआधी दोन पायऱ्या आहेत, त्यातली दुसरी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह हिअरिंग, म्हणजेच प्रशासकीय सुनावणी. न्यायाधीश नाही, वकिलाची गरज नाही. हे सगळं राज्याच्या व्हेइकल कोडच्या कलम ४०२१५ मध्ये दिलंय, त्यामुळे शहर कुठलंही असलं तरी मूळ सांगाडा हाच.

दिवस मोजायला आत्ताच सुरुवात करा

तिकीट दिल्यापासून २१ दिवसांच्या आत इनिशियल रिव्ह्यू मागायचा. तिकीट वाऱ्याने उडालं किंवा कोणी काढून घेतलं आणि थेट थकबाकीची नोटीसच पोस्टाने आली, तर ती पाठवल्यापासून १४ दिवस मिळतात. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून. फोनमध्ये १५व्या दिवसाचं रिमाइंडर लावून टाका.

या पायरीला फी नाही आणि आधी दंडही भरावा लागत नाही. बऱ्याच शहरांच्या वेबसाइटवर फोटो जोडून अर्ज करता येतो. ते तिकीट रद्द करू शकतात ते तीन कारणांसाठी: उल्लंघन झालंच नव्हतं, गाडीचा नोंदणीकृत मालक त्याला जबाबदार नाही, किंवा परिस्थितीच अशी होती की न्यायाच्या दृष्टीने सोडून देणं योग्य. तुमचा मुद्दा यातल्या कुठल्या खणात बसतो ते आधी ठरवा, मग लिहायला बसा. 'मी फक्त पाच मिनिटं थांबलो होतो', 'बाकीच्यांनीही लावल्या होत्या', 'मी या देशात नवीन आहे' ही वाक्यं कुठल्याच खणात बसत नाहीत. गाडी बंद पडली होती आणि टो कंपनीची पावती आहे? ते बसतं.

फोटो काढायचे ते तिथेच, तेव्हाच

गाडी हलवायच्या आधी फोटो काढा. गाडी आणि पाटी एकाच फ्रेममध्ये यायला हवी. मग पाटीचा जवळून, कडेच्या रंगाचा, मीटरच्या नंबरचा आणि शेवटी रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंतचा लांबून. हा शेवटचा फोटो बहुतेक लोक काढत नाहीत आणि कधीकधी तोच सगळ्यात उपयोगी पडतो. कारण व्हेइकल कोडचं कलम २२५०७ म्हणतं, की शहराचा पार्किंग नियम पुरेशी सूचना देणाऱ्या पाट्या किंवा खुणा लावल्याशिवाय लागू होत नाही. पाटी झाडाच्या फांदीआड गेली असेल किंवा कडेचा लाल रंग उडाला असेल, तर ते फोटोत दिसलं पाहिजे.

फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून तिथून डाउनलोड करू नका. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल गॅलरीतच ठेवा. आयफोनचा फोटो एचईआयसी प्रकारातला असेल आणि वेबसाइट घेत नसेल तर जेपीजी किंवा पीडीएफ करून टाका, पण मूळ फोटो डिलीट करू नका.

मीटरचे पैसे पेबायफोनसारख्या ॲपने भरले असतील तर पावती काढा आणि त्यावरचा गाडीचा नंबर अक्षर-अक्षर तपासा. शून्याच्या जागी ओ पडणं, किंवा ॲपमध्ये मागच्या वीकेंडच्या भाड्याच्या गाडीचा नंबर तसाच राहणं, यातून खूप तिकिटं येतात. पैसे भरले होते, फक्त नंबर चुकला, हे स्पष्ट लिहा आणि पावती जोडा. मीटरच बंद असेल, तर तिथे लिहिलेल्या कमाल वेळेपर्यंत गाडी लावायला राज्याचा कायदा परवानगी देतो. बंद स्क्रीनचा व्हिडिओ घ्या.

तिकीटही नीट वाचा. त्यावर कलम, तारीख, वेळ आणि जागा असायला हवी, शिवाय गाडीची ओळख पटवणारे तपशील. रस्त्याचं नाव किंवा गाडीचा मेक चुकला असेल तर जरूर सांगा, पण स्पेलिंगच्या एका चुकीवर सगळी भिस्त ठेवू नका.

एक सापळा मात्र नवा आहे. एबी ४१३ या कायद्याखाली १ जानेवारी २०२५पासून क्रॉसवॉकच्या अलीकडे, म्हणजे गाड्या येतात त्या बाजूला, २० फुटांत गाडी लावली तर तिकीट मिळू शकतं. तिथे लाल पट्टा नसला, पाटी नसली, क्रॉसवॉक रंगवलेला नसला तरी. 'पाटीच नव्हती' हा मुद्दा इथे चालत नाही. गाडी २० फुटांच्या बाहेर होती असं म्हणायचं असेल तर टेप लावून मोजा आणि त्याचाच फोटो घ्या.

रिव्ह्यूमध्ये नकार आला तर

खूप जण इथे सोडून देतात. खरं तर पहिली तपासणी तिकीट देणारी यंत्रणाच करते, त्यामुळे नकार येणं फार धक्कादायक नाही. निकाल पोस्टात टाकल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत हिअरिंग मागता येतं. या वेळी मात्र दंडाची रक्कम आधी जमा करावी लागते. जिंकलात तर परत मिळते. पैसे भरणं खरंच शक्य नसेल तर तसा पुरावा देऊन रक्कम न भरता सुनावणी मागायची सोय प्रत्येक यंत्रणेने ठेवायलाच हवी. शिक्षणाचं कर्ज आणि अर्धवेळ नोकरी यावर दिवस काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा आणि विचारा. आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

सुनावणी अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत व्हायला हवी. परीक्षा असेल किंवा भारतात आला असाल तर एकदा, जास्तीत जास्त २१ दिवस, ती पुढे ढकलून घेता येते. समोर एक एक्झामिनर असतो. त्याचा पगार किंवा बढती वसूल झालेल्या दंडाशी जोडता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

सिनेमा बघून एक गैरसमज झालेला असतो: तिकीट देणारा ऑफिसर आला नाही तर आपण जिंकलो. पार्किंगमध्ये तसं नाही. त्याने यायची सक्ती नाही आणि नीट भरलेलं तिकीट हाच प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे तो पुरावा खोडण्याचं काम तुमचं.

सुनावणी लेखी घ्यायची की समक्ष? फोटोच सगळं बोलत असतील तर लेखी पुरे. घटनाक्रम गुंतागुंतीचा असेल तर समक्ष जा, कारण एक्झामिनर प्रश्न विचारतो आणि उत्तर तिथेच देता येतं. इंग्रजी बोलताना अडखळाल अशी भीती असेल तर मुद्दे तारीख-वेळेनुसार एका पानावर लिहून न्या, फोटोंना नंबर द्या, प्रिंट काढा. फोन पुढे करून स्क्रोल करत बसू नका.

इथेही हरलात तर निर्णय पाठवल्यापासून ३० दिवसांत सुपिरिअर कोर्टात अपील करता येतं. फी २५ डॉलर, अपील जिंकलं तर परत. कोर्ट प्रकरण नव्याने ऐकतं. साध्या मीटरच्या तिकिटासाठी एवढं करायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

कागद ग्लोव्ह बॉक्समध्येच राहिला तर

लोक अदालतीत दंड कमी होईल म्हणून चलान साठवत बसायची सवय इथूनच घेऊन गेला असाल तर ती तिथे महागात पडते. उशिराचा दंड चढतो आणि थकबाकी असेल तर डीएमव्ही गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण अडवू शकतं. पाच किंवा जास्त तिकिटं थकली तर चाकाला जॅमर लागू शकतो.

नोटिसा नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टाने जातात, म्हणून अपार्टमेंट बदललं की १० दिवसांत डीएमव्हीला ऑनलाइन कळवा. भारतात परतताना कार विकलीत तर पाच दिवसांत मालकी सोडल्याची सूचना डीएमव्हीच्या साइटवर भरा आणि कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. नाहीतर नवीन मालकाची तिकिटं तुमच्या नावावर निघतील आणि पुण्यात बसून तुम्ही ती निस्तरत राहाल.

आणि 'तुमचं पार्किंग तिकीट थकलंय, आजच भरा' असा लिंकवाला एसएमएस आला तर लिंक उघडू नका. शहराच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिकिटाचा नंबर किंवा गाडीचा नंबर टाकून बघा. खरोखर तिकीट असेल तर तिथे दिसेल.