हाताचे वळण आणि छापाचा खिळा

मंडळी, उत्सव जवळ आला की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो फलकाचा. होसकोट्यात आल्यावर आम्ही पहिला मराठी फलक छापून आणला, तेव्हा ‘विघ्नहर्ता’मधला ‘घ्न’ तुटून आला होता. शेवटी एका काकांनी ब्रश घेतला आणि रात्री बसून फलक हाताने रंगवला. हाताचे वळण छापात आणण्याची ही अडचण मात्र दोनशे वर्षांची जुनी आहे.

१६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे होसकोट्यासह हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या काळी मराठी कारभाराची लिपी होती मोडी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू फारसा न उचलता खाली भराभर लिहीत जायचे. शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचे वळण बदलते, तीच तिची गंमत आणि तीच छापखान्याची पंचाईत. शिशाचा खिळा सुटा. त्याचे रूप एकच. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला देवनागरीत छापले गेले. १८१० च्या त्यांच्या कोशासाठी मोडीचे खिळेही पाडले होते. पण छपाईत देवनागरीच रुजली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतून गेली. आज आजोबांचे कागद घरात असतात, पण वाचणारा सापडत नाही.

तरी मोकळ्या अक्षराची ओढ संपली नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचे अक्षर दिले. प्रेक्षक नाव वाचण्याआधीच नाटक ओळखू लागला. पण ते अक्षर त्या एका नावापुरते असे.

संगणकाने ही कोंडी फोडली. युनिकोडच्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची अनेक रूपे आणि जोडाक्षरे ठेवता येतात आणि शेजार पाहून योग्य रूप आपोआप येते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने हाताने रेखाटून ‘मोदक’ हा गुबगुबीत फॉन्ट केला. नावाप्रमाणेच त्याची अक्षरे सारणाने टम्म भरलेली! त्यांच्याच ‘बालू’चा कन्नड अवतार आहे ‘बालू तम्म’. कन्नडात तम्म म्हणजे धाकटा भाऊ. देवनागरीची सलग शिरोरेघ आणि कन्नडचा सुटा तलकट्टु एकाच फलकावर भावंडांसारखे शोभतात. दोन्ही फॉन्ट विनामूल्य आहेत.

तेव्हा यंदाचा फलक मराठी-कन्नड दोन्ही लिपींत छापूया, जोडाक्षरे न तुटता. मात्र एक फलक मुलांच्या हातून रंगवून घेऊ. छापायचे वळण आधी कुणाच्या तरी हातात असावे लागते. ते हातातून गेले की काय होते, हे आजोबांच्या पेटीतले मोडी कागद सांगतातच.