मुक्या जनावरांची साक्ष

रोगाचें मूळ शोधणें हें वैद्याचें व सूक्ष्मदर्शक यंत्राचें काम, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु रक्तांत वास करणाऱ्या परोपजीवी जंतूंचा इतिहास चाळला, तर पहिली साक्ष अनेकदां गोठ्यांतून वा पागेंतून मिळालेली दिसते.

इ. स. १८८० सालीं तत्कालीन पंजाबांतील डेरा इस्माइल खान येथें घोडे व उंट 'सर्रा' रोगानें झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यांनीं त्यांच्या रक्तांत वळवळणारा एक सूक्ष्म जंतु पाहिला. पुढें १८९४ च्या अखेरीस डेव्हिड ब्रूस हे लष्करी वैद्य सपत्नीक आफ्रिकेतील झुलूलँडांत, उबोंबो डोंगरावर येऊन राहिले. डोंगरावर गुरें सुखरूप असत. खालच्या सखल रानांत नेलीं कीं 'नागाना' रोग जडून खंगत. ब्रूस यांनीं बैल व कुत्रे मुद्दाम त्या रानांत धाडले. ते परतले, तेव्हां त्यांच्या रक्तांत इव्हान्स यांच्या जंतूचाच एक भाऊबंद सांपडला.

दोष गवतपाण्याचा कीं माशीचा? ब्रूस यांनीं घोड्यांना मुसकीं बांधून कांहीं तास खालीं नेलें. तेथें एक काडी वा थेंब पोटांत गेला नाहीं, तरी ते आजारी पडले. उलट त्या रानांतील गवतपाणी डोंगरावर आणून घोड्यांना घातलें, तर कांहींच झालें नाहीं. अपराधी त्सेत्से माशीच ठरली.

पण माशीला हा जंतु मिळे कोठून? रानरेडे किंवा कुडू हरिण यांना पाहून कोणीहि रोगी म्हटलें नसतें. त्यांचें रक्तहि यंत्राखालीं बहुधा निर्दोष दिसे. तेंच रक्त टोचतां कांहीं कुत्र्यांना मात्र नागाना झाला. यंत्राला जें दिसलें नाहीं, तें कुत्र्याच्या देहानें दाखविलें. वन्य पशु त्या जंतूला पिढ्यान्पिढ्या सरावलेले. पाळीव जनावर नवखें, म्हणूनच बोलकें.

साक्ष खरी होती. तिच्यावरून झालेला निवाडा मात्र क्रूर होता. माशीचें अन्न तोडावें, या हेतूनें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झुलूलँडांत हजारों वन्य पशूंची कत्तल झाली. तरी माशी हटली नाहीं. १९४५ पासून विमानांतून डी. डी. टी. फवारूं लागले, तेव्हां कोठें तिची मुख्य जात तेथून नाहींशी झाली.

झांझिबारच्या उंगुजा बेटावर निराळा मार्ग चोखाळला गेला. १९९४ पासून वंध्य केलेले नर विमानांतून सोडण्यांत आले. १९९६ नंतर तेथें रानांतली त्सेत्से सांपडली नाहीं. तथापि केवळ सांपळ्यांवर विसंबून न राहतां गुरांचें रक्तहि वेळोवेळीं तपासण्यांत आलें. येथें गाय पहारेकरी झाली, पण बळी झाली नाहीं.

उबोंबोच्या कुत्र्यांनीं प्राण देऊन जी बातमी दिली, ती आतां रक्ताच्या थेंबांत मिळूं शकते. जनावराला खोटी साक्ष देतां येत नाहीं. म्हणूनच त्या साक्षीवरून काय करावें, याची जबाबदारी सर्वस्वी माणसावर राहते.