ऑस्ट्रेलियातील लाकडी सोटे : नाव, खूण आणि मालकी

इंग्रजीतील ‘क्लब’ या एका शब्दाने वस्तुसंग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर बराच गोंधळ माजविला आहे. आपल्याकडे सोटा, दंडुका, लाठी, गदा, मुद्गर ही नावे वेगळी आणि त्यांमागील वस्तूही वेगळ्या. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांकडे तर अडीचशेहून अधिक भाषा होत्या, आणि त्यांतही सोट्यांच्या प्रकारांना आपापली नावे होती. परंतु १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत सिडनी येथे झाली. तेथील धरुग भाषेतील ‘वॅडी’ आणि ‘नला-नला’ हे शब्द गोऱ्यांच्या तोंडी बसले आणि वसाहतीबरोबर खंडभर पसरले. टास्मानियातील साध्या, निमुळत्या दांडक्यासही ‘वॅडी’ म्हटले गेले. वास्तविक तेथील लोकांचा धरुगशी काहीही संबंध नव्हता. तेव्हा चिठ्ठीवरील नावावरून वस्तूचे गाव ठरविणे धोक्याचे असते.

मग आधार कशाचा घ्यावा? प्रथम लाकडाचा. मध्य ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातील ‘मुल्गा’ हे बाभळीच्या कुळातील झाड. त्याचे लाकूड जड आणि कठीण. काही सोटे कोवळे झाड मुळासकट उपटून घडविलेले असत. मुळाची गाठ हेच त्यांचे डोके. आग्नेयेकडील व्हिक्टोरियातील ‘लिअँगल’ हा काटकोनात वळलेल्या डोक्याचा सोटा प्रतिपक्ष्याच्या ढालीला वळसा घालून आघात करण्यासाठी होता. स्त्रियांची कंद खणण्याची टोकदार काठी भांडणात शस्त्रही होई. संग्राहकांनी तिला पुष्कळदा सरसकट ‘सोटा’ ठरविले, हे त्यांच्या दृष्टीचेच द्योतक आहे.

त्यानंतर हत्याराच्या खुणा. दगडी धारेने तासलेल्या लाकडावर उथळ, असमान पन्हळी उमटतात. आग्नेय भागातील बारीक नक्षी पॉसम या प्राण्याच्या दाताने कोरीत. लोखंडी पात्याची खूण दिसली की वस्तू बनावट, असे मानणारे संग्राहक आहेत. मला हे पटत नाही. लोखंड हाती येताच तेथील कारागिरांनी ते वापरले. त्यात त्यांनी कोणाची परवानगी का घ्यावी? तापलेल्या तारेने नक्षी डागलेल्या, प्रवाशांना विकण्यासाठी केलेल्या वस्तूही तुच्छ नव्हेत. मिशनच्या वस्त्यांत राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा तो इतिहास आहे.

१८७५ मध्ये लेन फॉक्स यांनी (हेच पुढे पिट रिव्हर्स म्हणून प्रसिद्ध झाले) एक आकृती छापली. मध्यभागी साधी काठी, आणि तिच्यापासून सोटा, बूमरँग, ढाल, भाला असे फाटे. आकृती सुबक आहे. पण तीत वस्तू कोणत्या गावची, कोणत्या काळची, याला स्थान नाही. केवळ आकारावरून रचलेली ही वंशावळ इतिहास ठरत नाही.

पुरावा नष्ट होण्याचेही प्रसंग आले. २२ सप्टेंबर १८८२ रोजी सिडनीचा ‘गार्डन पॅलेस’ जळाला आणि तेथे ठेवलेला मूळ रहिवाशांच्या वस्तूंचा मोठा संग्रह राख झाला.

ओळख पटविण्याचे मोल दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. ब्रिटिश म्युझियममधील भोक पडलेली सालीची एक ढाल १७७० मध्ये कुकच्या माणसांनी बॉटनी बे येथे घेतलेली, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती तांबड्या खारफुटीच्या लाकडाची असल्याचे दाखविले. हे झाड सिडनीच्या आसपास उगवत नाही, फार उत्तरेस उगवते. याउलट, त्याच प्रसंगी उचललेल्या चाळीस-पन्नास भाल्यांपैकी चारांची नोंद अखंड राहिली. १७७१ मध्ये लॉर्ड सँडविच यांनी ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला दिले होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ला पेरूज येथील त्यांच्या वारसांस परत मिळाले. ज्या सोट्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘ऑस्ट्रेलिया’ एवढेच लिहिलेले आहे, ते परत करावयाचे म्हटले तरी कोणाच्या दारी नेऊन ठेवणार?